शेरा : सेवानिवृत्ती समीप

७ जानेवारी, मंगळवार

परिपत्रक आलं. रक्तपेढीतल्या वरिष्ठ वैज्ञानिक अधिकाऱ्यांसाठी वर्षभराचं प्रगत प्रशिक्षण, मुंबईत. खर्च शासनाचा, पगार चालू. तीन जिल्ह्यांत मिळून जागा दोन. आमच्या रुग्णालयानं दोन नावं पाठवायची, मुलाखत पुण्याला, निवड तिकडंच.

डॉ. इनामदारांनी कागद माझ्या हातात दिला. रक्तपेढीचे प्रमुख होऊन त्यांना दीड वर्ष झालं. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, बोलणं मऊ. "पाटील मॅडम, छाननी समितीत तुम्ही आहातच. तुमच्या हाताखालच्या अश्विनीचं नाव धरूनच चालू. दुसरं कुणाचं ते तुम्ही बघा."

"बघते."

बघितलं. तीनदा वाचलं. वयाची अट कुठंच नाही. अनुभव किमान दहा वर्षं, एवढंच. माझी सत्तावीस झाली.

याआधी दोनदा अशी जागा आली होती. पहिल्यांदा पोरगी लहान होती, म्हणून मीच माझं नाव खोडलं. दुसऱ्यांदा "तुम्ही गेलात तर इथं कोण?" असं तेव्हाचे प्रमुख म्हणाले, म्हणून खोडलं. ज्यांची नावं लिहिली ते दोघंही शिकून आले आणि दीड वर्षाच्या आत खासगी लॅबमध्ये गेले. त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो खोडणारीवर.


८ जाने., बुध.

सानिका आली होती, पेठ वडगावहून, वडलांच्या दुधाच्या टेम्पोतून. एकोणीस वर्षांची, बी.कॉम.ला. थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, सहा महिन्यांची होती तेव्हापासून. मी तिला दुपट्यात बघितलीय.

गेल्या वर्षापासून तिच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्यात. येईल त्या पिशवीशी भांडतात. तिच्या गटाचं रक्त असून चालत नाही. नेमकी कसली अँटीबॉडी हे शोधायची सोय आमच्याकडं नाही, नमुना पुण्याला जातो. पाच दिवस, कधी सहा.

"मॅडम, माझं रक्त भांडखोर हाय म्हंजे माझ्यावरच गेलंय." हसते. ओठ पांढरे.

आज मात्र लवकर जुळलं. लावून बघितलेली सातवी पिशवी.

ते प्रशिक्षण नेमकं याचंच आहे.


१० जाने., शुक्र.

संध्याकाळी कळंबा तलावावर फिरायला गेलो, हे आणि मी. बांधावर यांना सांगितलं. हे हायस्कुलात गणित शिकवतात, लगेच वजाबाकी केली. "त्रेपन्न. अठ्ठावन्नला रिटायर. एक वर्ष शिकण्यात गेलं. राहिली चार."

"चार कमी असतात व्हय?"

"तसं न्हवं गं. या वयात हॉस्टेलात राहणार तू? पोरींच्यात?"

"राहीन की."

 घरी कुलूप काढताना म्हणाले, "माझ्या डब्याचं काय ते मी बघीन. पण अश्विनीचं काय?"

तो एकच प्रश्न त्यांनी बरोबर विचारला.


१३ जाने., सोम. भोगी.

सकाळी भाकरी, भोगीची भाजी, डबा. दहा वाजता अर्ज दिला. त्यासोबत दुसरं पत्र : मी स्वतः उमेदवार असल्यानं छाननी समितीतून मला मुक्त करावं.

डॉ. इ. यांनी दोन्ही कागद वाचले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"मॅडम, हे... तुम्ही विचार केलाय?"

"सत्तावीस वर्षं."

"नाही, म्हणजे रुग्णालयाचा फायदा बघायचा तर तरुण माणूस पाठवलेलं बरं. वीस-पंचवीस वर्षं सेवा मिळते."

म्हटलं, सर, याआधी पाठवलेल्या दोघांनी मिळून किती सेवा दिली ते आस्थापना शाखेतून मागवा. मी मात्र कुठं जाणार नाही. मला खासगीवाले घेतील कशाला, माझं वय झालंय ना?

हसू आलं त्यांना, पण दाबलं. "अर्ज मागं घ्यायचा असेल तर गुरुवारपर्यंत वेळ आहे," म्हणाले.

मी आवक क्रमांक लिहून घेतला आणि बाहेर आले.   दोन ट्यूब धुतल्या.

अश्विनीला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तोंड झालं नाही.


१४ जाने. संक्रांत.

सुट्टी, पण माझी ड्यूटी. अश्विनी सुट्टी असून आली. तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोला म्हणाली नाही.

"खरं हाय का, मॅडम?"

"खरं आहे."

"मला दुसऱ्यांच्याकडनं कळलं. देसाईनं सांगितलं, चहाच्या गाड्यावर, चार माणसांत." देसाई म्हणजे आमचा तंत्रज्ञ. त्याच्याकडं बातमी गेली की ती गावभर.

"चुकलं माझं. आधी तुला सांगायला पाहिजे होतं."

"बारा वर्षं तुमच्या हाताखाली शिकलो मी. तुम्हीच म्हणालात, पुढची जागा तुझी."

म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं, याच टेबलाशी.

"जागा दोन आहेत," मी म्हटलं.

"तीन जिल्ह्यांत. दोन्ही कोल्हापूरला देतील व्हय कोण?" मग पर्स उचलली. "मी माघार घेणार न्हाय. तुम्ही थोरल्या असला तरी."

"घेऊ नकोस. घेतलीस तर मला चालणार नाही."

 डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कणखर. "मग ठीक हाय," म्हणाली आणि गेली.

तिळगूळ तसाच हातात. खाल्ला मग.


१६ जाने.

गुरुवार गेला. अर्ज मागं घेतला नाही. डॉ. इ. दोनदा दारापर्यंत येऊन गेले.


१८ जाने., शनि.

रक्तपेढीत सगळं सुरळीत, फक्त कुणी बोलत नाही. अश्विनी "मॅडम, हे रजिस्टर" एवढंच. देसाई मात्र खुशीत. आज म्हणाला, "काय मॅडम, या वयात शाळेत नाव घालताय म्हणं?"

"व्हय. तुझंही घालायचं का? पहिलीपासनं?"

बाकीचे हसले. अश्विनी खाली मान घालून हसली, दिसलं मला.


२१ जाने., मंगळ.

लिहायला बसले, पण पाठ धरलीय.

सानिका वेळेआधीच आली, तेराव्या दिवशी. हिमोग्लोबिन चार. जिना चढता येईना, वडलांनी उचलून आणली. मोठा गडी, टेम्पोत दुधाचे कॅन एका हातानं चढवणारा.  "मॅडम, पोरीचा रंग बघा की. लिंबागत झालाय."

नमुना पुण्याला पाठवायचा तर आज गेला असता, उत्तर रविवारी. त्यातून कारखाने सुरू, हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, गाडी कुठं अडकेल सांगता येत नाही. पोरगी रविवारपर्यंत थांबणारी नव्हती.

मग हातानं शोधायचं. तिच्या गटाच्या जेवढ्या पिशव्या फ्रिजमध्ये तेवढ्या एकेक तिच्या रक्ताशी लावून बघायच्या. ट्यूब गरम करायची, तीनदा धुवायची, फिरवायची, मग उजेडाकडं धरून हळू हलवायची. तांबड्या पेशींचे दाणे सुटे झाले तर चालेल. गुठळी राहिली तर नाही.

अश्विनीला बोलवावं लागलं नाही. ॲप्रन घालून माझ्यासमोर येऊन बसली. ती लावणार, मी वाचणार. पहिल्या अकरा पिशव्या गेल्या. सगळ्यांत गुठळी.

अठराव्याला देसाई म्हणाला, "मॅडम, त्यातली कमीत कमी गुठळीची द्या की." अश्विनीनं वर न बघता सांगितलं, "तुझ्या पोरीला देशील का? गप ट्यूब धू." धुतल्या त्यानं. जेवायलाही गेला नाही, हे लिहायला हवं.

फ्रिजमधल्या एकोणतीस संपल्या. एकही नाही. शिवाजी पेठेत सकाळी एका मंडळाचं शिबिर होतं, तिथनं पिशव्या यायच्या होत्या. तपासण्या पूर्ण होऊन हातात यायला दुपारचे तीन. त्यातली चौथी ट्यूब अश्विनीनं उजेडाकडं धरली, हलवली, माझ्याकडं दिली. मी हलवली. दाणे सुटे, पाण्यात रांगोळी पसरावी तसे.

"परत लाव."

परत लावली. तसेच.

साडेपाचला रक्त चढलं. सानिकाचे वडील आमच्या दारात नुसते उभे राहिले. मी म्हटलं, "जावा पावणं, चहा घ्या." ते म्हणाले, "पुढल्या बारीला?"

  अश्विनीनं आणि मी एकमेकींकडं बघितलं, पहिल्यांदाच आठवड्यात.


२२ जाने.

अश्विनी डबा घेऊन माझ्या टेबलावर जेवायला आली.  कोबी होता, थोडा मला दिला.


२८ जाने., मंगळ.

छाननी झाली. चार अर्ज. पुण्याला दोन नावं गेली : अश्विनी एक, मी दोन. डॉ. इ. म्हणाले, "नियमात बसतं म्हणून पाठवलं. मनापासून सांगायचं तर मला पटलेलं नाही."

"पटायची अट परिपत्रकात नाही, सर."

जरा जास्तच बोलले. पण बरं वाटलं.


६ फेब्रुवारी, गुरु.

पुणे. पहाटेची एस.टी., अश्विनी आणि मी शेजारी. ती पोराला आईकडं ठेवून आली, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत. साताऱ्यापर्यंत झोपली, माझ्या खांद्यावर. उठल्यावर प्रश्न विचारून घेतले एकमेकींना. कोण कुणाची तयारी करून घेतंय, कळेना.

तिला म्हटलं, आत गेल्यावर "मी आलो, मी शिकलो" म्हणू नकोस, "आले, शिकले" म्हण. पुण्याची माणसं बसलेली असतात.

"का म्हणू? आमच्यात बायका असंच बोलत्यात. रक्तगट बदलतोय का त्यानं?"

बरोबर आहे. माझी आई तसंच बोलायची. मीच नोकरीत लागल्यावर सोडलं.

तिची मुलाखत वीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला.

माझी सात मिनिटं. चौघेजण. पहिला प्रश्न, "तुमची जन्मतारीख?" कागदावर होती, तरी विचारली. दुसरा, "घरी कोण कोण असतं?" तिसरा, "आता या वयात नवीन शिकणं झेपेल का?"

म्हटलं, "अँटीबॉडीबद्दल एखादा प्रश्न विचारा. मग झेपतं का ते दोघांनाही कळेल."

टोकाला बसलेल्या बाईंनी विचारला. चांगला, अवघड प्रश्न. मी सानिकाची केस सांगितली, कुठल्या पिशवीला काय दिसलं, माझा अंदाज कुठल्या दोन अँटीबॉडींवर आहे आणि तो अंदाज पक्का करायला मला काय येत नाही, तेही सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. मधले गृहस्थ घड्याळ बघत होते. "शासनाचा खर्च वाया जाऊ नये, एवढंच आमचं म्हणणं," ते म्हणाले.

"माझ्यावर झालेला खर्च आजवर कुठं वाया गेला ते सांगा. पुढच्याचं मग बोलू."

"थँक्यू, मॅडम."

परतीला अश्विनीनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, भांडून आले. ती म्हणाली, "मग चांगलं झालं."


११ फेब्रु.

सानिका. हिमोग्लोबिन सात, तब्येत बरी. नमुना यावेळी आधीच पुण्याला पाठवला होता, उत्तर आलं : माझे दोन्ही अंदाज बरोबर. तिसरी अँटीबॉडी होती, ती माझ्या ध्यानात आली नव्हती.

ती तिसरी कशी पकडायची, ते मला शिकायचंय. बाकी काही नाही.


१८ फेब्रु., मंगळ.

यादी आली.

जागा १ : अश्विनी. निवड.

जागा २ : योग्य उमेदवाराअभावी रिक्त.

खाली माझं नाव. शेऱ्याच्या रकान्यात : सेवानिवृत्ती समीप.

योग्य उमेदवाराअभावी. रिक्त. दुसऱ्या कुणाला दिली असती तर गप्प बसले असते, निदान बसायचा प्रयत्न केला असता. कुणालाच दिली नाही. रिकामी खुर्ची चालते त्यांना, त्रेपन्न वर्षांची बाई चालत नाही.

अश्विनीला पेढा भरवला. ती रडली. मी नाही.

घरी येऊन रडले. यांनी भात लावला.


१९ फेब्रु.

सकाळी अश्विनी म्हणाली, "मॅडम, मी जॉइन होऊ का नको? मला कसंतरी व्हायलंय."

"झाली नाहीस तर तंगडं मोडीन. तुझी जागा तुझी आहे. माझं भांडण रिकाम्या जागेशी आहे."


२० फेब्रु., गुरु.

हरकतीचं पत्र लिहिलं. चार वेळा. पहिल्या तीनमध्ये राग फार. चौथं यांनी टाइप केलं, दोन बोटांनी, चष्मा कपाळावर. मध्येच थांबून म्हणाले, "'अन्यायकारक' काढ. 'परिपत्रकातील कोणत्या कलमान्वये' असं विचार. गणितात पायरी मागतात तसं." घातलं.

पत्रात तीनच गोष्टी. वयाची अट कुठल्या कलमात आहे ते कळवावं. शेरा काढावा. रिक्त जागा भरावी.

डॉ. इ. यांनी पुढं पाठवायला नकार दिला नाही, पण "योग्य मार्गानं जायला महिना लागेल" म्हणाले. प्रत मी स्वतः नेणार. रजा टाकली.


२४ फेब्रु., सोम.

परत पुणे. एकटी. कार्यालयात आवक टेबलाशी एक तरुण लिपिक बाई. "मॅडम, निकालावर हरकत घेता येत नाही."

"कुठं लिहिलंय?"

"तशी पद्धत नाही."

"मग पद्धत नाही असं लिहून सही द्या. तेवढं घेऊन जाते."

साहेबांना विचारून आली. साहेब मीटिंगमध्ये. साहेब जेवायला. साहेब परत मीटिंगमध्ये. मी बाकावर. पाण्याची बाटली, दोन केळी. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "तुमचंही पेन्शनचंच का?" म्हटलं, नाही, मला शाळेत जायचंय.

चार वाजता शिक्का मारून दिला. मारताना ती लिपिक बाई हळूच म्हणाली, "माझी आई तुमच्याच वयाची आहे. तिला कॉम्प्युटर शिकायचाय, आम्हीच नको म्हणतो."

"उद्या घेऊन जा तिला क्लासला."

शिक्क्याची प्रत पर्समध्ये. येताना गाडीत उभं राहून आले कराडपर्यंत. पाय सुजलेत.


३ मार्च, सोम.

अश्विनी आज गेली. सकाळच्या गाडीला. स्टँडवर तिची आई, नवरा, पोरगं. पोरगं रडत नव्हतं, नवरा रडत होता. मला वाकून नमस्कार करायला लागली, मी दंडाला धरून उठवली.

"मॅडम, दुसऱ्या खोलीत एक कॉट रिकामी हाय म्हणत्यात. मी कुणाला देऊ देणार न्हाय."

"कॉट अडवून जागा मिळत नाही, बाई."

"अडवून तर ठेवतो."

रक्तपेढीत तिची खुर्ची मोकळी. आता मी, देसाई आणि एक नवीन मुलगी.


५ मार्च

देसाईला हातानं जुळवणी नीट शिकवायला घेतली. पहिले दोन दिवस कुरकुर. आज चुकीची ट्यूब त्यानंच ओळखली. "मॅडम, ह्यात बारीक गुठळी हाय." होती. त्याला ते सांगितल्यावर दिवसभर शीळ घालत फिरला. एवढ्या वर्षांत याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. मीही नाही.


१० मार्च, सोम.

पुण्याहून फोन. मुलाखतीत टोकाला बसलेल्या त्या बाई. स्वतः बोलल्या. हरकत वाचली, कलम सापडत नाही, शेरा काढता येईल. जागा अजून परत गेलेली नाही. पण एक अडचण : एकाच रक्तपेढीतून दोन माणसं जाणार, तेव्हा प्रमुखांचं प्रमाणपत्र लागेल की काम अडणार नाही. बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत, ईमेलनं चालेल. त्यानंतर जागा परत.

"एवढं आणाल का?"

"आणते."

फोन ठेवला आणि लक्षात आलं, काम अडणार आहे. खरंच अडणार आहे.


११ मार्च, मंगळ.

डॉ. इ. दिवसभर रुग्णालयाच्या तपासणीत. भेट नाही.

सानिका आली होती, यावेळी आठवडाभर उशिरा. देसाईनं जुळवणी केली, मी मागं उभी. सोळाव्या पिशवीला मिळालं. तिला सांगितलं, मी कदाचित वर्षभर नसेन. कदाचित.

 तिनं विचारलं, "मग माझं कोण बघणार?"

"देसाईकाका."

तिनं देसाईकडं बघितलं. देसाईनं ट्यूबकडं.

"आणि परत आल्यावर?" तिनं विचारलं.

"परत आल्यावर पुण्याला नमुना पाठवावा लागणार नाही."

विचार केला तिनं. मग म्हणाली, "जावा तुम्ही, मॅडम. वर्षभर मी आणि माझं रक्त बघतो काय ते." वडील "अगं ए" म्हणाले तिला. ती ऐकणारी नाही.

मला मात्र रात्री झोप लागणार नाही, हे मला आत्ताच कळतंय. वर्ष म्हणजे तिच्या सतरा-अठरा वेळा. त्यातली एखादी २१ जानेवारीसारखी आली तर? मी इथं असून तरी त्या दिवशी काय होतं माझ्या हातात? शिबिरातली चौथी पिशवी होती, म्हणून. नशीब होतं ते. नशिबावर पोरगी किती दिवस सांभाळायची?


१२ मार्च, बुध.

हे डॉ. इनामदारांच्या केबिनमध्ये बसून लिहितेय. वही पर्समध्येच होती.

चार वाजता आत आले. कागद समोर ठेवला. त्यांनी वाचला, बाजूला सारला.

"मॅडम, 'काम अडणार नाही' असं मी कसं लिहू? खोटं होईल ते. अश्विनी गेली. तुम्ही गेलात तर काम अडणार."

"खोटं लिहू नका."

"मग?"

"'काम अडेल' असं लिहा. आणि खाली लिहा, 'तरीही पाठवावे'."



"असं कुणी प्रमाणपत्र देतं का?"

"खरं प्रमाणपत्र असंच असतं. सर, 'तुम्ही गेलात तर इथं कोण' हा प्रश्न मला मागच्या वेळीही विचारला आणि मी नाव खोडलं. कोण हे तेव्हाच शोधलं असतं तर आज अडलं नसतं. तंत्रज्ञ मागून घ्या. देसाईवर विश्वास ठेवा. नमुने पुण्याला पाठवा, आत्ताही तेच करतोय. वर्षभर ओढाताण होईल, तुम्हालाही होईल. पण माझ्यापुरतं थांबवून ती संपणार आहे का?"

ते खिडकीकडं वळले. खाली रक्तदानाची गाडी धूत होते, पाण्याचा आवाज. मग हळू म्हणाले, "माझ्या वडलांना एकदा रक्त मिळालं नव्हतं. वेळेत."  

पेन उघडलं. लिहिलं : 'श्रीमती पाटील यांच्या अनुपस्थितीत रक्तपेढीचे काम अडेल.'

तेवढ्यात अधिष्ठात्यांचा फोन. तपासणी पथक वॉर्डात थांबलंय, ताबडतोब या. उठले. "येतो मी," म्हणाले आणि गेले. सही नाही. दुसरी ओळ नाही.

त्याला वीस मिनिटं झाली. कागद माझ्यासमोर आहे, त्यावर एकच ओळ, आणि ती एकटी गेली तर माझ्याविरुद्धच जाते. पेन उघडं पडलंय. टोपण लावलं मी, शाई वाळू नये म्हणून.

देसाई डोकावून गेला. "मॅडम, साहेब अजून दुसऱ्या मजल्यावर हायत. बोलावून आणू?"

"आण. नाही आले तर कागद घेऊन आपणच वर जाऊ."

चार वाजून पस्तीस. पुण्याच्या बाईंना फोन केला, थांबा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, पाचपर्यंत आहे मी.

जिन्यावर पावलं वाजतायत. देसाईची असतील. एकाची की दोघांची, कळत नाही.